सरांचे दोन रेणू

“आधी आकार सांग, मगे भाव.”

मासळीबाजारात आमचे सर असं म्हणाले की मासेवाल्या तोंडाला पदर लावून हसायच्या. “बांगडो तो बांगडो, सर. तेका आकार कसलो?” एखादी विचारायची. मग सर पिशवी काखेत मारून दोन्ही मुठी समोर धरायचे. एक मूठ डावीकडे, एक उजवीकडे, मधे हातभर अंतर. एक मूठ दुसरीकडे कलती करायचे, मग पुन्हा सरळ. स्वतःशीच काहीतरी मोजायचे. तोवर मागचं गिऱ्हाईक पुढे घुसून चांगले बांगडे उचलून गेलेलं असायचं. “जांवदे,” सर म्हणायचे आणि उरलेसुरले घेऊन घरी जायचे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. तुम्ही त्याला वेडा म्हटलं असेल, आणि मग एक दिवस त्याची आठवण येऊन जीव कासावीस झाला असेल. माझं तसंच झालंय म्हणून हे लिहायला बसले.

मी मालवणच्या बाजूच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. यजमान तिथेच शिपाई होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी मला घेतलं. मॅट्रिक झाले होते, पण नोकरी कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. ऐंशीनंतरची ती वर्षं. जिल्हा नुकताच रत्नागिरीपासून वेगळा झाला होता, सगळे म्हणायचे आता बघा कसं सगळं बदलतंय. आमच्या प्रयोगशाळेतला नळ मात्र गळायचा तो गळतच राहिला.

सर तेव्हा चाळिशीचे. लग्न केलेलं नव्हतं, गाव कुणकेश्वराच्या वाटेवर, इथे एक खोली भाड्याने. सदा दमलेले. सकाळी अकरावी, मग बारावी, मग बी.एस्सी.ची प्रॅक्टिकलं, आणि दुसरे मास्तर येतील येतील म्हणून चार वर्षं वाट बघितलेली. दुपारी तीनला ते माझ्या मोरीशेजारच्या स्टुलावर येऊन बसायचे तेव्हा त्यांच्या केसांत, मिशीत सगळीकडे खडूची पूड असायची. बसले की एक मोठा उसासा टाकायचे. आणि मग त्यांचा खरा दिवस सुरू व्हायचा.

ते संशोधन करत होते. आमच्या कॉलेजात! इथे बर्नर पेटवायचा तर दोन काड्या जास्त लागायच्या. मुंबईच्या विद्यापीठात एक म्हातारे प्राध्यापक त्यांचे मार्गदर्शक होते. दर मे महिन्यात सर्व शिक्षक आंब्याच्या पेट्यांचं बघायला घरी जात तेव्हा सर मुंबईला जात, तिथल्या प्रयोगशाळेत खपून चिमूटभर जांभळी पूड तयार करत, आणि जूनला ती घेऊन परत येत. उरलेलं वर्ष ती साफ करण्यात जायचं. पीएच.डी.साठी नाव नोंदवून आठ वर्षं झाली होती.

“सर, ह्या काय तां माका सांगशात?” मी एकदा विचारलं. बाटल्या धुऊन धुऊन हात जांभळे व्हायचे, विहिरीवर बायका विचारायच्या, आता मार्गशीर्षात तुला जांभळं कुठे मिळाली गो? काहीतरी उत्तर नको का द्यायला?

सरांनी सांगितलं. त्यांना वाटलं असेल ही ऐकून घेईल आणि विसरेल. मी अजून विसरले नाही.

पानातल्या हिरव्या रंगाचा एक भाऊ म्हणजे ही जांभळी पूड. तिच्या रेणूवर उजेड पडला की त्यातला एक इलेक्ट्रॉन उडी मारायला तयार होतो. सरांनी त्या रेणूला एक दुसरा पिवळा तुकडा जोडला होता, इलेक्ट्रॉन घेणारा. एक देणारा, एक घेणारा, मधे दुवा. आता प्रश्न असा, की दुवा कसा असला म्हणजे इलेक्ट्रॉन लवकर जातो, आणि कसा असला म्हणजे गेलेला तिकडे टिकतो?

सरांनी पुठ्ठ्याच्या चकत्या कापून त्याची दोन सोंगं केली होती. एकात दोन चकत्या सुतळीने बांधलेल्या. दुसऱ्यात सायकलच्या स्पोकने. “सुतळी वाकता,” ते म्हणाले. “वाकली की घेणारो देणाऱ्याच्या डोक्यार येऊन बसता. ह्यो वाकडो. स्पोक वाकत नाय, दोघा लांब ते लांबच. ह्यो सरळो. दोघांत माल तोच, आकार तेवढो येगळो.”

“मगे?”

“मगे काय? तुजा कुळार खंय?” कुळार म्हणजे माहेर.

“देवगडाक.”

“लांब. जावक दोन एष्टी बदलतंस. पण गेलंस की?”

“आठ दिस रवतंय.”

“आणि शेजारच्या वाडीत कुळार असता तर? उठसूट धावत गेलं असतंस, आणि सांजेक चूल पेटवक परत. वाकडो तसो. इलेक्ट्रॉन पटकन जाता, पटकन परत येता, कामाचो काय नाय. सरळ्याचो उशिरा जाता, पण रवता. रवलो तरच त्याच्याकडसून काय काम करून घेऊक येता. उन्हातसून वीज, उन्हातसून इंधन, सगळा त्या रवण्यावर.”

“सर, तुमचा लगीन नाय झाला, तुमका कुळाराचा इतक्या कसा कळता?”

सर इतके हसले की खडूची पूड उडाली. मग म्हणाले, “कळता म्हणजे अंदाज आसा गो. मोजूक खंय झाला अजून?”

ते मोजणं हीच तर त्यांची सगळी धडपड होती. इलेक्ट्रॉन किती वेळ तिकडे राहतो ते मोजायला लेसरचं यंत्र लागायचं, आणि ते मुंबईत एका मोठ्या संस्थेत. तिथे नंबर लागायला दोन वर्षं पत्रं लिहावी लागली. पत्र गेलं की उत्तराला महिना, उत्तर आलं की त्यात आणखी एक फॉर्म. सर ते फॉर्म माझ्या टेबलावर भरायचे आणि मधेच पेन ठेवून डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं झोपले. झोपलेले नसायचे.

नळीतून रंग गाळायचं काम माझ्याकडे आलं होतं. काचेची उभी नळी, त्यात पांढरी पूड दाबून भरलेली, वरून रंग सोडायचा. खाली उतरता उतरता पट्टे वेगळे व्हायचे: एक तपकिरी, एक मळकट, एक देखणा जांभळा. जांभळाच तेवढा आपला. सर म्हणायचे, घाई केलीस की पट्टे मिसळतात. मी घाई करत नव्हते. घरी भात उतू जायचा, पण इथे पट्टा मिसळू दिला नाही.

उन्हाळ्यात बर्फ लागायचा. तो बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातून यायचा, मासेमारीच्या होड्यांसाठीचा. तिथले चाचा सरांना पोत्यात गुंडाळून द्यायचे. “मास्तर, ह्या बर्फाक म्हावऱ्याचो वास मारता हां, तुमच्या औषधाक चलात मां?” सर म्हणायचे, “माझ्या रेणवांक नाक नाय, चाचा.” पण सबंध प्रयोगशाळेला वास यायचा, आणि प्राचार्य दारात उभे राहून विचारायचे, “हे काय चाललंय? रसायनशास्त्र की खानावळ?”

खरी गंमत अंधारखोलीत असायची. पदार्थविज्ञानवाल्यांची ती खोली, खिडक्यांना काळं फासलेलं. तिथे जांभळ्या उजेडाचा एक दिवा होता. नुसता देणारा रेणू त्या दिव्याखाली धरला की लाल निखाऱ्यासारखा पेटायचा, काय सुंदर दिसायचा म्हणून सांगू! घेणारा जोडला की मात्र विझायचा. वाकडा तर अगदी काळाठिक्कर. सरळ्यात थोडी धुगधुगी. “इलेक्ट्रॉन गेलो की उजेड नाय,” सर सांगायचे. “काळो दिसलो म्हणजे बरो.” मला ते पटायला दिवस लागले. चांगलं ते पेटलेलंच असणार, असं बाईमाणसाच्या मनात कायमचं बसलेलं असतं.

त्या वर्षी गणपती झाले आणि मुंबईचं पत्र आलं. दिवाळीच्या सुट्टीत यंत्र दोन दिवस मिळणार. सरांनी पत्र मला वाचून दाखवलं, मग घडी घालून खिशात ठेवलं, मग परत काढून वाचलं. मार्गदर्शक प्राध्यापक मार्चमध्ये निवृत्त होणार होते आणि नोंदणीची मुदतही त्याच सुमाराला संपत होती. म्हणजे हे दोन दिवस साधले तर सगळं, नाहीतर आठ वर्षं पाण्यात.

शेवटचं गाळणं झालं. दोन फ्लास्क भरले, एकात वाकडा, एकात सरळा. सरांनी ते काळ्या कागदात गुंडाळले, स्फटिक धरायला कपाटात मागे ठेवले आणि परीक्षेच्या कामाला तीन दिवस कुडाळला गेले. जाताना मला म्हणाले, “बाय, विद्यापीठाची कमिटी येतली सोमवारी. जरा झाडून पुसून ठेव.”

आता आमच्याकडचा पाऊस कसा ते तुम्हाला माहीत असेलच. चार महिने घरात काही सुकं राहत नाही. चपला, पुस्तकं, देवांचे फोटो, सगळ्यावर बुरा येतो. पाऊस गेला आणि ऊन पडलं की प्रत्येक घरातल्या बाया सगळं बाहेर काढतात. गाद्या, गोधड्या, मिठाच्या बरण्या, लोणच्याच्या बरण्यासुद्धा. ऊन दाखवलं नाही तर वर्षभर टिकणार काय? हे आम्हाला कोणी शिकवत नाही, आई करते म्हणून आपण करतो.

मी कपाट उघडलं तर काळ्या कागदावर हिरवा-पांढरा बुरा. मेला वासही येत होता. कमिटीने बघितलं तर सरांची शोभा होईल असं मनात आलं. कागद काढून जाळून टाकले. फ्लास्क पुसले, बुचं घट्ट आहेत का बघितलं, आणि व्हरांड्याच्या कठड्यावर उन्हात ठेवले. शनिवार, रविवार, दोन्ही दिवस. संध्याकाळी आत घ्यायचे, सकाळी परत बाहेर. दुपारी येऊन फिरवून ठेवले, म्हणजे दुसऱ्या बाजूलाही ऊन लागावं.

रविवारी सुट्टी होती. सुट्टीच्या दिवशी चालत आले होते मी, त्यासाठी.

सोमवारी सर आले. कमिटी चहा पिऊन गेली, कोणी कपाट उघडूनही बघितलं नाही. सरांनी फ्लास्क हातात घेतले. “कागद खंय?” “बुरो इल्लो सर, जाळलंय. दोन दिस मस्त ऊन दाखवलंय.” सरांनी फ्लास्क खिडकीकडे धरून बघितले. रंग जरासा उतरल्यासारखा होता, तो मलाही दिसत होता. ते तसेच अंधारखोलीकडे निघाले, मी मागोमाग.

दिवा लावला. दोन्ही फ्लास्क पेटले. सरळा पेटला, वाकडाही पेटला, लालबुंद, आधी कधी नव्हता असा.

“सर, बघा कसो झगझगता!” मी म्हणाले. खरंच म्हणाले मी असं. आनंदाने.

सर तिथल्या खोक्यावर बसले. त्या लाल उजेडात त्यांचा चेहरा बघितला. काळा तो बरा, हे मला तेव्हा आठवलं.

मग ते बोलले, शिकवतात तसंच, हळू. “उजेड परत इलो म्हणजे इलेक्ट्रॉन जाणाच नाय खंय. उन्हान घेणाऱ्याक खाल्ल्यान. पलीकडचा घरच मोडला, आता जातलो खंय?”

“दुसरो करूक येवचो नाय?”

“दोन मे म्हयने.”

दोन मे महिने म्हणजे दोन वर्षं. आमच्याकडे दिवाळीपर्यंत पंधरा दिवस होते. चुकलंय सर, असं मी म्हणायला हवं होतं, पण मी नुसती फ्लास्कांची बुचं घट्ट करत बसले. सरांनीच दिवा बंद केला. प्रत्येक गोष्टीला जांवदे म्हणणारा माणूस, त्या दिवशी ते म्हणाले नाहीत.

दोन दिवसांनी प्राचार्यांनी सरांना बोलावलं. सुट्टीला जोडून मुंबईला जाण्यासाठी रजा मंजूर केली होती, ती सरांनी रद्द करायला सांगितली म्हणून. मी दाराशी उभी होते. नोकरी गेली तर पोरांना काय घालू, हेही मनात होतं, खोटं कशाला बोलू.

“नमुने खराब कसे झाले?” प्राचार्यांनी विचारलं.

“माझ्या हातून उजेडात राहिले,” सर म्हणाले.

“आठ वर्षं काम करून तुम्हाला एवढं कळू नये?”

“कळायला हवं होतं.”

बाहेर आल्यावर मी रडतरडत विचारलं, “तुमी खोटा कित्याक बोललास?”

“खोटा नाय ता,” सर म्हणाले. “काळो कागद गुंडाळलंय, पण कित्याक ता तुका सांगूक नाय. सगळा सांगलंय तुका, कुळारापर्यंत. ह्या एक सांगूचा रवला.” आणि चष्मा पुसत बारावीच्या वर्गावर गेले. मी कान देऊन ऐकलं, नेहमीसारखंच शिकवत होते.

नोंदणी रद्द झाल्याचं पत्र उन्हाळ्यात आलं. त्या मे महिन्यात सर मुंबईला गेले नाहीत. कुठेच गेले नाहीत. खोलीच्या ओट्यावर बसून असायचे. पुढेही तीनला माझ्या मोरीशेजारी येऊन बसायचे, पण आता नुसतेच बसायचे. मी चहा करून द्यायचे, साखर जास्त घालायचे. त्याने काय होतंय म्हणा. त्यांनी मला एकदाही वाकडं बोलून दाखवलं नाही, आणि त्याचाच मला त्रास व्हायचा. एकदा शिव्या घातल्या असत्या तर मीही माफी मागून मोकळी झाले असते. ते शब्द बोलायचे राहिले ते राहिलेच.

तीनेक वर्षांनी एक जाड पाकीट आलं. मुंबईच्या कोणा मित्राने परदेशी मासिकातली पानं झेरॉक्स करून पाठवली होती. सरांनी ती व्हरांड्यात उभ्याउभ्याच वाचली. मग आत आले. मी बाटल्या धूत होते.

“बाय,” म्हणाले, “सरळोच.”

मला काय ते लगेच कळलं. “रवता?”

“रवता. मोजल्यानी त्येंनी. अगदी आपल्यासारखोच केल्यानी, ताठ. वाकड्याचो येता नि जाता.” त्यांनी पानं माझ्यापुढे धरली. “आपला बरोबर होता गो!”

आपला, म्हणाले ते. मला तोंड लपवायला जागा नव्हती. मी नळ सोडून ठेवला आणि त्याच त्याच बाटल्या पुन्हा धुतल्या. सर मात्र त्या दिवशी मुलांना सांगत सुटले होते, फळ्यावर चित्र काढत होते, आणि कोणाला काही कळत नव्हतं.

पुढे त्यांना दम लागायला लागला. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन ते गावी गेले, भावाच्या घरी. भेटायला या म्हणाले होते. मी जाईन जाईन म्हणत राहिले. जाऊन काय बोलायचं, तेच कळत नव्हतं. एक दिवस ऑफिसात निरोप आला की सर गेले.

मी बाराव्याला गेले. जेवणं झाली होती, पुरुषमंडळी पुढच्या अंगणात बसली होती. सरांची वहिनी मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने सूप बाजूला ठेवलं.

“तुमी काय ती बाय? कालेजातली? भावजी सांगत होते. ‘आमी दोघांनी मिळान एक काम केला’ म्हणत होते. तुमचो हात लय हलको म्हणत.”

“आणि काय म्हणाले?”

“माका अडाण्याक काय कळता त्यातला? म्हंमयच्या मशीनीचो नंबर लागलो नाय, म्हणान रवला, म्हणत होते.”

घरातसुद्धा सांगितलं नव्हतं त्यांनी. मी पडवीच्या खांबाला धरलं आणि इतक्या वर्षांत कोणाला न सांगितलेलं त्या अनोळखी बाईला सांगून टाकलं. “वैनी, नंबर लागलो होतो. ता मीच फुकट घालवलंय. पावसान बुरो इल्लो कागदार, म्हणान दोन दिस उनात घातलंय.”

तिने विचारलं, “पावसाचो बुरो?”

“होय.”

“मगे उनात नाय घालूचा तर काय चुलीत घालूचा?” ती म्हणाली. “खंयचीय बायल ताच करतली.”

आणि सूप परत पुढे ओढलं. मी तिथेच खाली बसले आणि हुंदके देऊन रडले. तिला बिचारीला वाटलं, मी सरांसाठी रडतेय. तिने मला पाणी दिलं, आणि आम्ही दोघींनी मिळून तांदूळ निवडले.